अंगावरून पांढरं जातंय? नॉर्मल काय, दाखवायचं कधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत बायका हा विषय शेवटी काढतात. आधी डोकं दुखतं, मग कंबर, आणि उठता उठता हळूच "अजून एक, ते पांढरं जातं ना…". म्हणून तेच सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवलंय. प्रश्न जसे विचारले जातात तसेच ठेवलेत.

पांढरं जातं म्हणजे काहीतरी आजार असणारच ना?

नाही. वयात आलेल्या प्रत्येक बाईला ते जातं, कुणाला कमी कुणाला जास्त, आणि ते जायलाच हवं. योनीमार्ग आणि पिशवीचं तोंड इथून थोडा थोडा स्राव सतत सुटत असतो, त्याच्याबरोबर जुन्या पेशी बाहेर पडतात, आतला भाग ओलसर राहतो. शिवाय तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात, ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात, त्यामुळे आतला पीएच साधारण 3.8 ते 4.5 इतका आंबट असतो आणि बाहेरून आलेल्या बऱ्याच जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. म्हणजे शरीर स्वतःच साफसफाई करतंय, आणि आपण मात्र घाबरून तीच थांबवायला औषध मागतो.

मग नॉर्मल म्हणजे नेमकं कसं आणि किती?

दिवसाला साधारण 1 ते 4 मिली, म्हणजे जास्तीत जास्त चहाचा चमचा भरेल न भरेल इतकं. रंग पारदर्शक किंवा दुधट पांढरा, निकरवर वाळलं की थोडं पिवळसर दिसतं, वास नाही किंवा अगदी हलका आंबूस. खाज नाही, जळजळ नाही.

पण महिनाभर ते एकसारखं नसतं आणि इथेच बऱ्याच जणी गोंधळतात. पाळी संपल्यावर दोन-चार दिवस कोरडं कोरडं वाटतं, मग हळूहळू चिकट पांढरट यायला लागतं, आणि पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे अंडं बाहेर पडायच्या सुमाराला, ते एकदम वाढतं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक, बोटात धरलं तर तार निघते. हा इस्ट्रोजेनचा परिणाम. मूल हवं असणाऱ्यांसाठी हेच दिवस कामाचे. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढलं की तेच दाट, कमी, क्रीमसारखं होतं. काही जणींना पाळीच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा जास्त वाटतं.

दोन-तीन महिने नुसतं लक्ष ठेवा, स्वतःचा पॅटर्न कळतो. पुढे शेजारणीचं किंवा बहिणीचं कसं असतं यापेक्षा तुमचं नेहमीचं कसं होतं आणि आता काय बदललं, याच प्रश्नाला अर्थ आहे.

निकरचा रंग उडतो, काळ्या निकरवर तर चक्क फिकट डाग पडतात. एवढं काय विषारी आहे आत?

विषारी काही नाही, वर म्हटलं ते अ‍ॅसिड आहे. गडद कापडाचा रंग त्याने फिका पडतो. उलट आतलं वातावरण ठीक आहे याची ती खूण समजा आणि निकर घेताना फिका रंग घ्या, म्हणजे स्रावाचा रंगही नीट कळतो.

उष्णतेमुळे होतं का? सब्जा, गुलकंद चालू आहे.

सब्जा प्या, उन्हाळ्यात छानच लागतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. पपई, अंडी, आंबा खाल्ल्याने पांढरं वाढत नाही. तांदळाचं धुवण पिऊनही थांबत नाही.

पांढऱ्यामुळे अशक्तपणा येतो, हाडं झिजतात, कंबर दुखते असं आई सांगते. खरं आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे म्हणून जरा लांब उत्तर देते. हाडांतलं काहीही या वाटेने बाहेर येत नाही. रोज चमचाभर स्राव, त्यात बहुतांश पाणी, त्याने अंगातली ताकद जात नाही.

पण बाईला अशक्तपणा वाटतोय हे खोटं नसतं, फक्त कारण दुसरीकडे असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्त कमी असल्याचं निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. चक्कर, दम लागणं, पाय गळून जाणं हे हिमोग्लोबिनचं असू शकतं, थायरॉईडचं, कमी व्हिटॅमिन डीचं, किंवा नुसतंच चार तास झोप आणि उभ्याने जेवण याचं. आणि दोष सगळा पांढऱ्याच्या नावावर. म्हणून आधी साधी रक्ताची तपासणी करून घ्या, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

अजून एक गोष्ट आहे. गोव्यात काही वर्षांपूर्वी बायकांचा मोठा अभ्यास झाला, 2005 मध्ये छापून आला. त्यात पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, उदासपणा, अंगदुखी यांचं नातं जास्त ठळक दिसलं. याचा अर्थ बायका नाटक करतात असा मुळीच नाही. घरात "मला फार जड जातंय सगळं" हे म्हणता येत नाही, "पांढरं जातंय, दवाखान्यात जायचंय" हे म्हणता येतं. असं काही असेल तर ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका, आणि तिथे जमलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

दह्याच्या कवड्यांसारखं जातंय आणि खाजेने जीव नकोसा झालाय.

हे बहुधा फंगल इन्फेक्शन, म्हणजे कॅन्डिडा. घट्ट, पांढरं, गठुळं असल्यासारखं, वास जवळपास नाही, पण खाज भयंकर, बाहेरचा भाग लाल, लघवी तिथे लागली की आग. आयुष्यात एकदा तरी बहुतेक बायकांना हे होतं, त्यात घाणेरडेपणाचा प्रश्न नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर होतं कारण चांगले जंतूही मरतात, गरोदरपणात होतं, स्टिरॉइड चालू असताना होतं, आणि शुगर वाढली की हमखास होतं. कित्येक बायकांचा डायबेटिस या खाजेमुळेच पहिल्यांदा सापडतो. शिवाय हल्ली शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या खूप लिहून देतात, त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे फंगल वाढतं. असं झालं तर गोळी मनाने बंद करू नका, पण शुगरच्या डॉक्टरांना जरूर सांगा, आपण लाजून हे त्यांना सांगतच नाही.

उपचार सोपा असतो, योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या किंवा तोंडाने फ्लुकोनाझोल, बरेचदा एकच डोस. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर तोंडाची गोळी घ्यायची नाही, आत ठेवायचीच वापरतात. आणि आत क्रीम किंवा गोळी चालू असताना काँडमवर भरवसा ठेवू नका, त्यातल्या तेलकट घटकांनी रबर कमकुवत होतं.

आता माझा राग. मेडिकलमधून मिळणारी ती "खाज-खुजलीची" ट्यूब, तिच्यात फंगसच्या औषधाबरोबर बरेचदा क्लोबेटासोलसारखं तगडं स्टिरॉइड असतं. लावलं की दोन दिवस स्वर्ग, सोडलं की दुप्पट खाज, कातडी पातळ होते, काळी पडते, आणि मग डॉक्टरांनाही मूळ आजार ओळखता येत नाही. नाजूक जागेवर ती लावू नका, नणंदेने दिली असली तरी.

पावसाळ्यात मुंबईत, कोकणात कपडे वाळत नाहीत आणि आपण दमट निकर तशीच चढवतो, हेही एक कारण. सुती घ्या, इस्त्री फिरवून कोरडी करा, रात्री न घालता झोपलं तरी काही बिघडत नाही. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर मात्र तीच गोळी पुन्हा पुन्हा न घेता स्रावाची कल्चर तपासणी (कुठला जंतू आहे ते लॅबमध्ये वाढवून बघतात) आणि शुगर करून घ्यायची, कारण फंगसच्या काही जाती नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत.

खाज नाही पण मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर तर जास्तच.

हे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, डॉक्टर बीव्ही म्हणतात. आतले चांगले जंतू कमी होतात, दुसरे वाढतात, आंबटपणा जातो. पाणी पातळ, करडट पांढरं. वीर्य अल्कधर्मी असतं म्हणून संबंधानंतर वास उफाळतो, पाळीतही तसंच. वास आला की बायका आत साबण घालून धुतात आणि त्याने तेच अजून वाढतं.

मेट्रोनिडाझोल लागतं, साधारण सात दिवस, तोंडाला धातूसारखी चव येते, कोर्स अर्ध्यात सोडायचा नाही. बीव्ही परत परत होण्यासाठी बदनाम आहे. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, त्यात नुसत्या बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत 63 टक्के जणींना पुन्हा झालं, आणि कायमच्या जोडीदारालाही गोळ्या नि क्रीम दिलं तेव्हा 35 टक्क्यांना. म्हणजे सारखंच उलटत असेल तर हा विषय डॉक्टरांकडे काढायला हरकत नाही.

हिरवट पिवळं, फेसाळ येतंय.

ट्रायकोमोनास नावाचा जंतू असू शकतो. हा संबंधातून पसरतो, पुरुषाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, म्हणून "मला काही झालेलं नाही, तू घे गोळ्या" हे उत्तर चालत नाही. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि पूर्ण होईपर्यंत संबंध नाही, नाहीतर इकडून बरं तिकडून परत. गनोरिया, क्लॅमिडिया या संबंधातूनच पसरणाऱ्या आजारांत तर बाईलाही बऱ्याचदा लक्षणं नसतात, थोडं पिवळट, संबंधानंतर जरासं रक्त, बस. ते वर सरकलं तर गर्भनलिका खराब होतात आणि पुढे दिवस राहायला अडचण. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे आणि घाण पाणी जातंय, हे तिन्ही एकत्र असेल तर आजच्या आज दाखवा, सोमवारची वाट नको.

ब्राऊन येतं ते काय? आणि लालसर?

पाळीच्या आधी-नंतर एक-दोन दिवस ब्राऊन म्हणजे जुनं रक्त, सोडून द्या. गर्भनिरोधक गोळी नवीन सुरू केली, इंजेक्शन घेतलं तर पहिले काही महिने मधेच डाग पडतात. पण दिवस राहायची शक्यता असेल आणि ब्राऊन दिसलं तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट.

संबंधानंतर दर वेळी रक्त, पाळ्यांच्या मधे रक्त, किंवा मांस धुतलेल्या पाण्यासारखं लालसर आणि दुर्गंधी असलेलं पाणी, हे मात्र अंगावर काढायचं नाही. बहुतेकदा साधं कारण निघतं, पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असाच सुरू होतो. आणि तो सुरू व्हायच्या आधीच पकडता येतो. धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, 2009 मध्ये निकाल आले, 30 ते 59 वयात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्ट केली तरी पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने आरोग्यसेविकांना शिकवून नुसतं व्हिनेगरसारखं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पिशवीचं तोंड बघायला लावलं, त्यातही मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तिशी ओलांडली असेल तर त्रास असो नसो, ही तपासणी करून घ्या. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक 2023 पासून आली आहे.

संबंधानंतर सगळं बाहेर येतं, म्हणून दिवस राहत नाहीत का?

नाही हो. जे वाहतं ते वीर्यातलं पाणी. शुक्राणू काही मिनिटांत पिशवीच्या तोंडातल्या स्रावात शिरलेले असतात.

इंटिमेट वॉश, तुरटीचं पाणी, डेटॉल, कशाने धुऊ?

बाहेरून साध्या पाण्याने. झालं. आत काहीही घालायचं नाही, बोट नाही, जेट नाही, तुरटी नाही, लसूण नाही, दहीही नाही. तुरटीने आत कोरडं आणि आकसल्यासारखं वाटतं पण आवरण सोलवटतं. "पीएच बॅलन्स्ड" लिहिलेल्या बाटल्यांची गरज कुणालाच नाही, त्या पैशात चार सुती निकर येतात. पँटी लायनर रोज लावू नका, घाम आणि ओल कोंडते. शी धुताना मात्र पुढून मागे, ही आजीची शिकवण बरोबर आहे.

मुलगी अकरा वर्षांची आहे, पाळी आलेली नाही, पण निकरवर पांढरं दिसतं.

पाळी यायच्या साधारण सहा महिने ते वर्षभर आधी ते सुरू होतं, ओरडू नका, तिला पाळीबद्दल सांगायची हीच वेळ आहे. अगदी नवजात मुलीलाही पहिल्या आठवड्यात थोडं पांढरं, कधी रक्ताचा ठिपका दिसतो, तो आईच्या हार्मोन्सचा परिणाम, आपोआप थांबतो.

मधल्या वयाचं, म्हणजे दोन ते आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पिवळं, वास येणारं किंवा रक्तमिश्रित जात असेल तर दाखवायलाच हवं. जंत असू शकतात, खेळताना मणी, कागद, कापूस आत गेलेला असू शकतो. आणि कुणी तिच्याशी वाईट वागलंय का, हा प्रश्नही मनात ठेवावा लागतो. मुलीला दरडावून विचारू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या, मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन 1098.

गरोदर आहे, खूप जातंय. आणि बाळंतपणानंतर कधी थांबतं?

गरोदरपणात पांढरं वाढतंच. खाज, वास, रक्त नसेल तर चालू द्या. मात्र एकदम पाण्यासारखं वाहायला लागलं, पॅड भिजलं, थांबतच नाही, तर ते गर्भजल असू शकतं, लगेच हॉस्पिटल, मग सातवा महिना असो की नववा. शेवटच्या दिवसांत रक्ताच्या रेघा असलेला घट्ट चिकट गोळा पडला तर कळांची तयारी सुरू झाली समजा.

बाळंतपणानंतर आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट पांढरं, असं सहा आठवड्यांपर्यंत जातं. त्यात घाण वास, ताप, किंवा तासाभरात पॅड भिजवणारं रक्त, यांना थांबायचं नाही.

पाळी जाऊन चार वर्षं झाली, आता कसलं पाणी?

इस्ट्रोजेन कमी झालं की आतलं आवरण पातळ आणि कोरडं होतं, त्यामुळे जळजळ, थोडं पातळ पिवळट पाणी, सारखं लघवीला. यावर चांगली क्रीम्स आहेत, "वयच झालं" म्हणून सोसायची गरज नाही. पण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी, एकदाच दिसला म्हणून सोडायचं नाही.

डॉक्टर म्हणाले पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पांढरं थांबायचं असेल तर पिशवीच काढा, नाहीतर कॅन्सर होईल.

थांबा. नुसत्या पांढऱ्यासाठी पिशवी काढायची नसते. ज्याला "जखम" म्हणतात ती बऱ्याचदा जखम नसतेच, पिशवीच्या आतल्या बाजूचं लाल नाजूक आवरण तोंडाशी बाहेर आलेलं असतं, तरुण बायकांत, गरोदरपणात, हार्मोनच्या गोळ्यांवर हे नॉर्मल आहे. "जखम" ऐकलं की माणूस हबकतो आणि सही करतो. पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही टेस्टचा रिपोर्ट हातात नसताना कॅन्सरचं नाव घेऊन कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर उठून दुसरीकडे जा.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या 2019 मध्ये आल्या होत्या, विशी-तिशीत पिशव्या काढलेल्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. फडावर ना संडास ना पाणी, दुखलं म्हणून सुट्टी घेतली तर खाडा कापला जाणार, आणि दवाखान्यात हाच सल्ला. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं, घाम, हाडं ठिसूळ. म्हणजे जी हाडं पांढऱ्याने झिजत नव्हती ती ऑपरेशनने झिजायला लागतात! आणि योनीमार्ग तिथेच राहतो, इन्फेक्शन झालं की पाणी पुन्हा जाणारच.

मेडिकलवाल्याला सांगून किट (गोळ्यांचं तयार पाकीट) घेतलं तर चालत नाही का? तपासायला लाज वाटते.

लाज मला कळते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, तो अभ्यास 1989 मध्ये छापून आला, 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि तपासलेल्या सगळ्यांपैकी फक्त 8 टक्के जणींची आधी कधी तशी तपासणी झाली होती. गोव्याचा अभ्यास सांगतो की तक्रार असून इन्फेक्शन नसतं, गडचिरोलीचा सांगतो की आजार असून बाई बोलत नाही. दोन्हीकडे अंदाजाने गोळ्या देऊन भागत नाही. फंगलची गोळी बीव्हीला चालत नाही, बीव्हीची फंगलला चालत नाही.

सरकारी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात अशा आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, औषध फुकट, नाव गुप्त. तिथे रंगांची किट असतात, पांढऱ्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं वगैरे, पण कुठलं द्यायचं ते बघून ठरवतात. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक आहेत.

आतून तपासतात म्हणजे काय करतात? माझं लग्न नाही झालेलं.

पाठीवर झोपवून, गुडघे दुमडून, स्पेक्युलम नावाचं साधन घालून पिशवीचं तोंड बघतात, कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात. एक-दोन मिनिटं, अवघडल्यासारखं वाटतं, फार दुखत नाही. दुखलं तर थांबायला सांगायचा हक्क आहे, बरोबर नर्स किंवा घरची बाई असू द्या असंही म्हणायचं. कधीच संबंध आला नसेल तर बहुतेक डॉक्टर आतून तपासत नाहीत, बाहेरून बघून, बारीक काडीने स्राव घेऊन, पोटावरून सोनोग्राफी करून काम होतं. पण संबंध आला असेल तर लग्न झालेलं नसलं तरी खरं सांगा, नाहीतर उपचार चुकतो.

जायच्या आधी काही तयारी?

दोन दिवस संबंध नको, आत काही घालू नका, पाळीचे दिवस टाळा (रक्त जास्त जात असेल किंवा ताप असेल तर टाळू नका, तसंच जा). शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आधी लावलेली ट्यूब, कॉपर टी आहे का, हे कागदावर लिहून न्या. निकरवरचा डाग मोबाईलवर फोटो काढून दाखवला तरी चालतो, आम्हाला त्यात काही वाटत नाही.